भारीतले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावेत का? खान्देशातल्या गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

जळगावात मी हेडफोन-मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. त्यामुळे मला हेडफोन नवे कमी आणि मोडलेले जास्त दिसतात. शेजारच्या काउंटरवर विक्रीही होते, आणि तिथे उभं राहून लोक जे विचारतात तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवलं. खाली "भारीतला" म्हटलं की अंदाजे पंचवीस हजारांच्या वरचा, कान पूर्ण झाकणारा, ब्लूटूथचा हेडफोन समजा.

एका वाक्यात सांगा, घेऊ की नको?

एका वाक्यात जमणार नाही, दोन प्रश्नांत जमेल. तुमच्या कानावर रोज पडणारा आवाज एकसारखी घरघर आहे, की माणसांची बोलणी, हॉर्न आणि भांड्यांचा आवाज? आणि त्या आवाजात तुम्ही आठवड्याला किती तास काढता? घरघर असेल आणि तास भरपूर असतील तर पैसे वसूल. दोन्हीपैकी एकही नसेल तर ती निव्वळ हौस. हौसेला मोल नाही हे मलाही मान्य आहे, पण मग ती हौस म्हणूनच करा.

हिशोबच मांडू. तीस हजारांचा हेडफोन चार वर्षं चालला असं धरा. रोज दोन तास, वर्षातले तीनशे दिवस वापरला तर चार वर्षांत २,४०० तास होतात, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. तोच हेडफोन फक्त दिवाळीला आणि आखाजीला गावी येता-जाता, वर्षाकाठी चाळीस तास वापरला तर तासाला जवळपास १८७ रुपये पडतात. त्या भावात ट्रॅव्हल्सचं तिकीट एसी स्लीपरचं काढा, आणि वर शेवभाजी खा.

हे नॉइज कॅन्सलिंग चालतं तरी कसं?

हेडफोनच्या वाट्यांना बाहेरून आणि आतून बारीक माइक असतात. ते आजूबाजूचा आवाज ऐकतात, आतली चिप त्याची बरोबर उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती लाट तुमच्या कानात सोडतो. उंचवटा आला तिथे खळगा, खळगा आला तिथे उंचवटा, आणि दोन्ही मिळून सपाट. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूगला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. हेडफोनपर्यंत ती आणली बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांनी. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने त्यांना गाणं धड ऐकू येईना, तेव्हा विमानातच त्यांनी गणितं मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि तुमच्या-आमच्यासाठीचा त्यांचा पहिला क्वाएटकम्फर्ट हेडफोन २००० मध्ये आला.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की हे यंत्र मुळात विमानाच्या घरघरीवर उपाय म्हणून जन्मलं. आजही त्याचा हात तिथेच बसलेला आहे.

मग कोणता आवाज जातो आणि कोणता राहतो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. धुळ्याचे एक गिऱ्हाईक हेडफोन घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी तो परत घेऊन आले आणि म्हणाले, "इतला पैसा दिधा, तरी आवाज येसच ना भाऊ!" येणारच. कारण ऐका.

शंभर हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला शंभर लाटांची, जाडी घरघर घेतली तर तिची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांबीची असते आणि पूर्ण व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग घेते. चिपला उलटी लाट बनवायला भरपूर सवड मिळते. तीन हजार हर्ट्‌झचा किणकिणता आवाज घ्या. त्याची लाट अकरा-बारा सेंटिमीटरची. एवढ्याशा लाटेत चिप क्षणभर मागे राहिली तरी उलटीची सुलटी होते आणि आवाज जायच्या ऐवजी वाढतो. म्हणून कंपन्या साधारण हजार हर्ट्‌झच्या खालचा आवाज यंत्राने मारतात आणि वरचा आवाज अडवायचं काम कानावरच्या गाद्यांवर सोपवतात. त्यातही आवाज एकसारखा असावा लागतो. अचानक आलेला हॉर्न चिपला कळेपर्यंत कानात शिरलेला असतो.

आता आपल्याकडचे आवाज बघा. कूलर लावा आणि हेडफोन चढवा. मोटरची आणि पंख्याची घूं-घूं एकदम गायब होते, पण खसच्या जाळीवरून पडणाऱ्या पाण्याची टिपटिप राहते, उलट आधीपेक्षा ठळक ऐकू येते. एसी डब्यातला वाऱ्याचा आणि चाकांचा घुमारा जातो, पण "चाय, चाय" राहतं. एसटीच्या इंजिनाचा गुरगुराट बराच जातो, काचांचा खडखडाट जात नाही. जळगावच्या विमानतळावरून उडणारं एटीआर विमान तर या यंत्रासाठी आयतं गिऱ्हाईक आहे, कारण पंख्यांचा जाड, एकसुरी आवाज. मिक्सर अर्धामुर्धा जातो. कुकरची शिट्टी जात नाही. शेजारच्या काकूंचं फोनवरचं बोलणं जरा लांब गेल्यासारखं वाटतं, एवढंच. त्यावर हलकं गाणं लावलं की मात्र ते झाकलं जातं, आणि खरा उपयोग असाच होतो.

दर आठवड्याला ट्रॅव्हल्सने पुण्याला जातो. माझ्यासाठी?

घ्या. पुण्यात नोकरी आणि जळगाव-भुसावळला घर, रविवारी रात्री बस आणि शुक्रवारी रात्री परत, अशा मुलामुलींना मी बिनदिक्कत हो म्हणतो. रात्रभराचा प्रवास, मागे इंजिन आणि वर एसीचा झोत. मागच्या बर्थवर तर इंजिनाचा हादरा उशीतून डोक्यात येतो. हेडफोन तो हादरा थांबवत नाही, पण त्याच्याबरोबरची घरघर काढतो आणि सकाळी उतरल्यावर डोकं जड नसतं.

अडचण एकच, कुशीवर झोपणाऱ्याला कान झाकणारा हेडफोन टोचतो. पाठीवर झोपत असाल तरच हा घ्या, नाहीतर कानात बसणारे इअरबड्स बघा. आणि चाळीसगाव-मनमाडच्या गाड्यांनी रात्री-अपरात्री येणाऱ्यांनी फोनवर कंपन लागणारा गजर लावून फोन खिशात ठेवा. स्टेशन गेलं तर हेडफोनला दोष देऊ नका.

आपल्या उन्हाळ्यात हे कानावर ठेवणं शक्य आहे का?

एसीत हो. नुसत्या पंख्याखाली, एप्रिल-मेमध्ये, खरं सांगायचं तर नाही. पारा ४४-४५ वर गेला की कानाभोवती पंधरा मिनिटांत घाम सुटतो. माझ्याकडे येणाऱ्या भारी हेडफोनांचं पहिलं दुखणं बॅटरी किंवा स्पीकर नसतं, गादीच असते. नकली चामड्याला आधी बारीक भेगा पडतात, मग काळे पापुद्रे निघून कानामागे चिकटतात. गादी काढली की आतल्या कडेला घामाच्या मिठाची पांढरी रेघ दिसते. पुण्या-मुंबईच्या लोकांच्या गाद्या जितक्या टिकतात तितक्या इथे टिकत नाहीत. वापरून झाल्यावर सुक्या सुती कापडाने पुसा, डबीत बंद करण्याआधी वाळू द्या. सॅनिटायझर लावू नका, त्याने चामडं लवकर तडकतं.

दुसरी गोष्ट बॅटरी. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम मालिकेला वापरासाठी ४० अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली आहे आणि ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सला तर ३५ अंशांचीच. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात सावलीत बसलात तरी तुम्ही कागदोपत्री मर्यादेबाहेर आहात. तेवढ्याने काही लगेच बिघडत नाही. पण उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिक्कीत हेडफोन ठेवून बाजारात जाऊ नका. लिथियमची बॅटरी वापराने जितकी मरत नाही तितकी उन्हाने मरते.

लग्नातला आणि मिरवणुकीतला डीजे बंद होईल का?

नाही. या प्रश्नावर दरवर्षी कोणीतरी पैज लावतं. डीजेचा ठोका कानातून येतो त्याहून जास्त छातीतून, भिंतीतून आणि पलंगाच्या पायातून येतो. त्याला कानावरची कुठली वाटी अडवणार? वरचं गाणं, भोंगा आणि निवेदकाचा आरडाओरडा हे यंत्राच्या टप्प्याबाहेरचं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असायला हवेत, काही ठरावीक सणांना बारापर्यंत सूट मिळते. दहानंतर वाजत असेल तर ११२ ला फोन करायला एक रुपयाही लागत नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, अभ्यासिकेत बसतो. बाबा म्हणतात लागत असेल तर घेऊन देतो.

बाबांचे पैसे वाचव. अभ्यासिकेत त्रास कशाचा होतो? कुजबुज, खुर्ची सरकवणं, पानांची सळसळ, कोणाच्या तरी फोनची रिंग. हे सगळे आवाज यंत्राच्या हाताबाहेरचे. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे कानातले बोळे घे. बोटांनी दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. नीट बसवले तर माणसांचं बोलणं अडवण्यात ते भारी हेडफोनच्या बरोबरीने उतरतात, कधीकधी पुढेही जातात. किंमत वीस-तीस रुपये. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर तेही घालू नकोस.

घरी कूलरखाली बसून ऑनलाइन लेक्चर ऐकत असशील तर गोष्ट वेगळी. पण त्यालाही पाच-दहा हजारांतला हेडफोन पुरतो.

जिनिंगमध्ये (किंवा दालमिलमध्ये) काम आहे. तिथे घालता येईल?

घालू नका. मशीनची घरघर जाईल हे खरं, पण हे हेडफोन कानाच्या संरक्षणाचं साधन म्हणून तपासलेले नसतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्याच्या वर आवाज जात असेल तर डेसिबलचा आकडा छापलेले औद्योगिक इअरमफ घ्या. ते हजार-दोन हजारांत येतात आणि ते पुरवणं मालकाचं काम आहे. शिवाय भोंगा, सहकाऱ्याची हाक, पट्टा तुटल्याचा आवाज ऐकू येणं गरजेचं असतं. आणि कापसाचा तो तंतू माइकच्या जाळीत असा बसतो की पिनेने काढतानाही जाळी फाटते. ट्रॅक्टर-रोटाव्हेटरवाल्या दादांनाही हेच उत्तर, इअरमफ.

घरून काम करते, दिवसभर कॉल असतात.

ताई, आधी एक गैरसमज दूर करा. नॉइज कॅन्सलिंगमुळे तुम्हाला घरातला आवाज कमी येतो, समोरच्याला नाही. समोरच्याला काय ऐकू जातं ते माइकवर ठरतं. भारी हेडफोनांचे माइक आता बरे झालेत, पण तोंडापासून लांबच असतात. तोंडासमोर दांडीचा माइक असलेला आठ-दहा हजारांचा ऑफिस हेडसेट त्या कामात तीस हजारांच्या हेडफोनला मागे टाकतो. दिवसाचे सहा तास कॉल आणि गाणी फारशी नाहीत, तर तोच घ्या.

कॉल सुरू झाला की आवाज एकदम रेडिओसारखा का होतो, हेही पुष्कळ जण विचारतात. ब्लूटूथवर आवाज जाणं आणि येणं एकाच वेळी सुरू झालं की दर्जा खाली येतो. हेडफोन बिघडलेला नाही. लॅपटॉपचा माइक वापरा आणि हेडफोन नुसता ऐकायला ठेवा, गाडी रुळावर येते.

लॅपटॉप आणि फोन दोन्हींना एकाच वेळी जोडला जातो का, तेवढं घेताना बघा. घरून काम करणाऱ्याला ही सोय नसेल तर दिवसातून दहा वेळा चिडचिड होते.

कोणतं मॉडेल घ्यावं?

ज्यांना हो म्हटलं त्यांच्यासाठी ही चारच नावं. बाकी बाजारात खूप आहेत, पण सर्व्हिस आणि सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने मी यांच्याबाहेर जात नाही.

सोनीची डब्ल्यूएच-१०००एक्सएम मालिका: एक्सएम४ हा २०२० चा, एक्सएम५ हा २०२२ चा, एक्सएम६ हा २०२५ चा. नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून तीस तास चालतात आणि अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतात. एक्सएम४ आणि एक्सएम६ घडी होऊन छोट्या डबीत जातात, एक्सएम५ च्या वाट्या फक्त फिरतात, घडी होत नाही. ट्रॅव्हल्सच्या सॅकमध्ये डबा आणि कपडे कोंबणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. एक्सएम४ नीट भावात, ताज्या पॅकिंगचा मिळाला तर आजही मला पटतो. त्याच्या गाद्या सहज बदलता येतात.

बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा: २०२३ चा, चोवीस तास चालतो. घरघर मारण्यात आणि कानावर हलका वाटण्यात याला तोड नाही असं मानणारे बरेच आहेत. चष्मेवाल्यांना मी आधी हाच घालून बघायला सांगतो.

सेनहायझरचा मोमेंटम ४: साठ तास चालतो. चार्जिंग विसरणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या गावात वीज पाहुण्यासारखी येते त्यांच्यासाठी. घरघर मारण्यात वरच्या दोघांपेक्षा थोडा मागे, गाण्यात मात्र गोड.

ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स: भारतात आला तेव्हा ५९,९०० रुपये. ३८५ ग्रॅम वजन, म्हणजे सोनीच्या दीडपट. आयफोनशी जोडणं सुरेख, गाद्या चुंबकावर असल्याने चुटकीसरशी निघतात. पण आपल्या हवेत ॲल्युमिनियमच्या वाट्या आणि तेवढं वजन, माझा कल नाही.

दहा हजारांतला आणि तीस हजारांतला, फरक खरंच तिप्पट असतो का?

नसतो. सोनीचा सीएच७२०एन घ्या. १९२ ग्रॅम वजन, कॅन्सलिंगसह पस्तीस तास, दहा हजारांच्या आसपास किंवा सेलमध्ये त्याहून खाली. कूलर आणि एसी डबा याच्यानेही बऱ्यापैकी शांत होतात. भारीतला काय जास्त देतो? घरघरीचा उरलेला थर खरवडून काढतो, बोलण्याचे आवाज आणखी दबवतो, वाऱ्यात माइक फरफरत नाही, गाद्या मऊ असतात आणि सुटे भाग मिळतात. रोज तीन-चार तास घालणाऱ्याला हे जाणवतं. आठवड्यातून एकदा घालणाऱ्याला फक्त किंमत जाणवते.

दोन-अडीच हजारांच्या नेकबँडवर लिहिलेलं "एएनसी" (म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग) मात्र फार मनावर घेऊ नका. बहुतेक वेळा त्यातली शांतता रबराच्या बुचाने आलेली असते.

इअरबड्स बरे की हेडफोन?

उन्हाळ्यासाठी इअरबड्स. टोपी, रुमाल, पदर, अंबाडा, कशाशीच भांडण नाही. पंचवीस हजारांच्या आसपासचे भारी इअरबड्स घरघर मारण्यात हेडफोनच्या अगदी जवळ पोचलेत. पण त्यांची बॅटरी मसुराच्या दाण्याएवढी. दोन-तीन वर्षांत अर्ध्यावर येते आणि बदलणं जवळजवळ अशक्य, म्हणजे तो खर्च दर तीन वर्षांनी धरून चाला. आणि एक हरवला की दुसरा एकटा घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी काय करणार?

एलडीएसी, हाय-रेस वगैरे असेल तरच घ्यायचा का?

एलडीएसी आणि एएसी म्हणजे ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायच्या पद्धती, हाय-रेस म्हणजे जास्त बारकाव्याचा आवाज. आयफोन असेल तर विषयच नाही, त्यावर एएसी चालतं, एलडीएसी चालत नाही. अँड्रॉइडवर आठव्या आवृत्तीपासून एलडीएसी आलं, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं. पण तुम्ही यूट्यूबवर गाणी लावत असाल तर मोठा पाइप लावून नळाला पाणी वाढत नाही. घरात शांतता आहे, यावल-रावेरकडे केळीच्या बागेत घर आहे, आणि फक्त गाणं मनापासून ऐकायचंय? मग नॉइज कॅन्सलिंगचे पैसे देऊच नका. त्याच्या निम्म्या पैशात वायरचा उघड्या पाठीचा (वाटीची बाहेरची बाजू बंद नसलेला) हेडफोन यापेक्षा सुरेल वाजतो.

कानाला अपाय होतो का? घातल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात.

उलटी लाट म्हणजे कुठला किरण नव्हे, तो साधा आवाजच आहे. अपाय होतो तो मोठ्या आवाजाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास ठीक, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. गाडीच्या गोंगाटात साधा हेडफोन घालणारा माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. घरघर निघून गेली की निम्म्या आवाजावर भागतं. माझ्या मते भारीतला घेण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे, आणि जाहिरातीत ते कधी नसतं.

दडपल्यासारखं वाटणं खरं आहे, काही जणांना वाटतं. हवेचा दाब बदललेला नसतो, जाडे आवाज एकदम गेले की मेंदूला तसं भासतं. पुष्कळांना दोन-चार दिवसांत सवय होते. काहींना भोवळ येते आणि ती जात नाही, त्यांनी हट्ट करू नये. कानात सतत शीळ वाजत असेल तर खरेदी बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांकडे जा. संपूर्ण शांततेत ती शीळ आणखी ठळक होते.

मोटारसायकलवर?

नाही. हेल्मेटमध्ये बसत नाही, आणि महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज हाच तर नेमका तो आवाज आहे जो हे यंत्र पुसून टाकतं. रेल्वे रूळ ओलांडताना, शेतातून पायी येताना, तेव्हाही काढून गळ्यात ठेवा.

दुकानात तपासायचा कसा?

एसी शोरूममध्ये गाणं लावून "वा" म्हणणं म्हणजे तपासणं नाही. गाणं बंद ठेवा. पंख्याजवळ किंवा दुकानाबाहेरच्या जनरेटरजवळ जा आणि कॅन्सलिंग चालू-बंद करून बघा. मग तसाच वीस मिनिटं डोक्यावर राहू द्या, दुकानदाराला काय वाटेल त्याची काळजी करू नका. टाळूवर दुखतं का, चष्म्याची काडी रुतते का, कान गरम होतात का, ते दहाव्या मिनिटानंतरच कळतं. चष्म्याच्या काडीजवळ फट राहिली तर घरघर तिथून आत येते, तेही तेव्हाच कळेल. गोलाणी मार्केटमध्ये भारी मॉडेल डेमोला क्वचित उघडी मिळतात. नाशिक-पुण्याला जाणं होत असेल तर तिथल्या मोठ्या शोरूममध्ये घालून बघा आणि घ्या हवं तिथून.

"फर्स्ट कॉपी" अडीच हजारांत मिळतेय. चालेल?

गळ्यात घालून फोटो काढायला चालेल. नकली एअरपॉड्स मॅक्स आयफोनजवळ नेला की पडद्यावर खऱ्यासारखं चित्रही उमटतं, त्यामुळे त्यावरून ओळखू नका. वजन करा. खरा ३८५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली प्लास्टिकचा बहुधा बराच हलका. सुवर्णनगरीत राहतो आपण, बारीक काट्याला तोटा नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, छापील किंमत आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) "आर" पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. आणि पंख्याजवळची ती चालू-बंद परीक्षा. नकलीत बटण दाबल्यावर नुसती "टिंग" होते.

ऑनलाइन घेऊ की इथून?

भावात ऑनलाइन बहुतेक वेळा पुढे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण "परत" आणि "बदलून" यातला फरक वाचा. बऱ्याच ठिकाणी हेडफोन आवडला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत, फक्त बिघाड असेल तर बदलून मिळतो. विक्रेता कोण आहे तेही बघा. बिलावर सिरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक हवा. धंद्याच्या नावाने आणि धंद्यासाठी घेत असाल तर त्यातला १८ टक्के जीएसटी हिशोबात धरता येतो का, ते तुमच्या सीएला विचारा.

इथून घेताना एकच प्रश्न आधी विचारा: बिघडला तर जमा कुठे करायचा? वॉरंटी साधारण वर्षाची असते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्ण सर्व्हिस सेंटर असेलच असं नाही. कुठे नुसतं जमा करून घेतात आणि माल मुंबई-पुण्याला जातो. नंदुरबार-शहाद्याच्या माणसाने तर कुरिअरने घरून उचलतात का, हे लेखी घ्यावं. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जायचं ठरलं तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, माल कुठूनही घेतलेला असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

हप्त्यावर?

"नो कॉस्ट" हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी लागतो. थोडकाच असतो, पण विचारून घ्या. तिसऱ्या हप्त्याआधी हौस फिटेल असं वाटत असेल तर घेऊ नका.

घ्यायची योग्य वेळ कोणती?

नवरात्र-दिवाळीचे सेल, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट. त्याहून चांगली वेळ म्हणजे नवं मॉडेल आल्यानंतरचे दोन-तीन महिने, तेव्हा मागच्याचा भाव पडतो. मात्र खोक्यावरचा महिना बघा. दोन-अडीच वर्षं गोदामात पडून राहिलेल्या बॅटरीचं वय तुमच्या घरी येण्याआधीच सुरू झालेलं असतं.

जुना, वापरलेला घेऊ का?

निम्म्या किमतीत, बिलासकट, वॉरंटी उरलेली असेल तर. पूर्ण चार्ज करून दोन तास वाजवा आणि किती टक्के उतरले ते बघा. वरचा पट्टा दोन्ही बाजूंनी ताणून बिजागरीत करकर येते का ऐका. एअरपॉड्स मॅक्स असेल तर आधीच्या मालकाने आपल्या ॲपल खात्यातून तो तुमच्यासमोर काढला पाहिजे. गाद्या बदलायच्याच आहेत, तो खर्च भावातून वजा करून मागा.

टिकतो किती, आणि दुरुस्ती इथे होते का?

बॅटरीची भीती लोक उगाच घेतात. पाचशे चार्ज धरले आणि प्रत्येकी तीस तास, तरी पंधरा हजार तास झाले. तेवढं कोणी ऐकत नाही. मरतात त्या गाद्या, मग बिजागरी, मग चार्जिंगचं तोंड. गाद्या सोनी-बोसच्या सहज मिळतात, बाहेरच्या कंपनीच्या जोडीला हजाराच्या आसपास पडतात, पण जाडीत फरक असला की फट राहते आणि कॅन्सलिंग ढिलं पडतं. मूळ कंपनीच्या मिळाल्या तर त्याच घाला. चार्जिंगचं तोंड इथे टाकून मिळतं. बिजागरी तुटली तर चिकटवून देतो, पण हमी देत नाही. माइक किंवा चिप गेली तर वॉरंटी नसताना दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा दहा हजारांच्या हेडफोनएवढा सांगतात. तेव्हा हेडफोन उघडायच्या आधी खर्चाचा आकडा विचारा. कोणी "आधी खोलून बघतो" म्हणालं तर खोलण्याचे पैसे किती, तेही.